आई-बाबांना मुंबईच्या ताजमध्ये ठेवायचंय: खोली कुठली घ्यावी आणि आधी काय काय सांगून ठेवावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आई-बाबा इंदूरला लोकमान्य नगरात राहतात. बाबा 76 वर्षांचे, बँकेतून निवृत्त, उजवा गुडघा बदललेला. आई 71 ची, शुद्ध शाकाहारी, रोजची पूजा चुकवत नाही. लग्नाला 50 वर्षं होताहेत म्हणून तुम्ही आणि ठाण्याचा भाऊ मिळून त्यांना मुंबईच्या ताजमहाल पॅलेसमध्ये दोन रात्री पाठवताय. जुन्या इमारतीत खोली घ्यावी की टॉवरमध्ये, समुद्राकडच्या खोलीला जास्त पैसे मोजावेत का, गाडीने जावं की विमानाने, आणि इतक्या मोठ्या हॉटेलात त्यांना अवघडल्यासारखं तर होणार नाही ना, हे तुम्हाला जाणून घ्यायचंय.

मी मुंबईत मोठ्या हॉटेलांच्या रिसेप्शनवर बरीच वर्षं काम केलं, आणि आता इंदूरला राहून लोकांच्या प्रवासाची, हॉटेलांची बुकिंग बघते. आपल्याकडची ज्येष्ठ जोडपी अशा हॉटेलांत कुठे रमतात आणि कुठे आखडतात, हे दोन्ही बाजूंनी पाहिलंय. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी उत्तर, मग कारणं. खोली जुन्या इमारतीतच घ्या आणि समुद्राकडचीच घ्या. दोन रात्री परवडत नसतील तर एकच रात्र घ्या, पण टॉवरमध्ये दोन रात्री घेऊन समाधान मानू नका. आणि त्या मुक्कामात मुंबईदर्शन ठेवू नका. सिद्धिविनायक, दादरची खरेदी, मावसबहिणीकडचं जेवण, हे सगळं ठाण्याला चार दिवस जास्त राहून होईल. सकाळी नाश्ता करून बाहेर पडायचं आणि रात्री दमून परत यायचं असेल, तर चर्चगेटजवळच्या एखाद्या स्वच्छ, साध्या हॉटेलात निम्म्याहून कमी पैशात छान सोय होते. ताजमध्ये राहायचं ते त्या वास्तूत वावरायला. दिवसभर वावरायला.

ताज म्हणून आपण ज्याचा फोटो बघतो, त्या खरं तर दोन इमारती आहेत. लाल घुमटाची जुनी इमारत जमशेटजी टाटांनी बांधवून घेतली. ती 16 डिसेंबर 1903 ला सुरू झाली. तिच्या शेजारी उभा असलेला उंच टॉवर 1973 चा. जुन्या इमारतीचे आराखडे केले ते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी, आणि काम पुरं केलं डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज इंजिनिअरने. वैद्यांचं नाव बाबांना जायच्या आधी जरूर सांगा. मुंबईच्या सगळ्यात ओळखीच्या वास्तूमागे एक मराठी माणूस होता हे ऐकून ज्येष्ठ माणसं त्या इमारतीकडे वेगळ्या मायेनं बघतात, हा माझा अनुभव आहे.

समोरचा गेटवे ऑफ इंडिया पुरा झाला 1924 साली. म्हणजे हॉटेल त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठं. पहिली वीस वर्षं बोटीने येणाऱ्या माणसाला मुंबईचा गेटवे दिसत नव्हता, ताजचा घुमट दिसत होता. आणखी एक गोष्ट कोणी ना कोणी त्यांना ऐकवणारच: इमारत चुकून उलटी बांधली गेली, ते पाहून वास्तुविशारदाने जीव दिला वगैरे. त्यात तथ्य नाही. पूर्वी मुख्य दार शहराच्या बाजूला होतं, कारण घोडागाड्या तिकडून यायच्या. इमारत ठरवूनच तशी बांधली होती. आज त्या बाजूला बाग आणि पोहण्याचा तलाव आहे, आणि आपण आत जातो ते समुद्राच्या बाजूने. पहिल्या महायुद्धात याच इमारतीत 600 खाटांचं रुग्णालय केलं होतं. बाबांना इतिहासात रस असेल तर या एवढ्या माहितीवर त्यांची एक संध्याकाळ सहज जाईल. हॉटेलात राहणाऱ्या पाहुण्यांना संध्याकाळी जुनी इमारत फिरवून दाखवतात. वेळ आल्याआल्याच विचारून घ्या आणि नाव नोंदवून ठेवा. गुडघ्यामुळे हळू चालावं लागतं हेही सांगा. दाखवणारी मंडळी थांबून, बसवून सांगतात.

एक अपेक्षा मात्र आत्ताच नीट करून ठेवा. नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात जुन्या इमारतीचं फार मोठं नुकसान झालं. दुरुस्ती होऊन ती पुन्हा सुरू झाली 15 ऑगस्ट 2010 ला. त्यामुळे खोलीतले पलंग, न्हाणीघर, दिवे, वातानुकूलन हे सगळं आजच्या काळातलं आहे. काही जण खोलीत पाऊल टाकतात आणि म्हणतात, यात जुनं काय आहे? जुनं आहे ते खोलीच्या दाराबाहेर. घुमटाखालचा तो भव्य जिना, त्याच्याभोवती मजल्यामजल्यावर फिरणारे सज्जे, कमानी, वरपर्यंत उघडी असलेली ती पोकळी, तिच्यातून खाली झिरपणारा उजेड. टॉवरच्या लॉबीत हल्ल्यात गेलेल्या 31 जणांचं स्मारक आहे. आई-बाबांनी ते तीन दिवस टीव्हीसमोर बसून पाहिलेले असणार. त्यांना तिथे दोन मिनिटं उभं राहावंसं वाटेल, राहू द्या. पाहुण्यांना आधी बाहेर काढायचं म्हणून जे कर्मचारी आत थांबले, त्यांच्यातले काही परत आले नाहीत. हॉटेलच्या कामात आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्या कोणालाही तिथून नुसतं पुढे जाता येत नाही.

जिन्याबद्दल थोडं थांबून लिहिते, कारण माझ्या मते सगळे पैसे तिथेच वसूल होतात. दुसऱ्या किंवा तिसऱ्या मजल्यावर लिफ्टमधून बाहेर पडा आणि कठड्याशी जा. हात कठड्यावर ठेवा आणि खाली बघा. जिना मधूनच, खाली खांबाचा आधार नसल्यासारखा, दोन्ही अंगांनी वळत जातो. खाली जमशेटजींचा अर्धपुतळा दिसतो. मग वर बघा, घुमटाचा आतला भाग दिसतो. दुपारी तीनच्या सुमारास किंवा सकाळी साडेसहा-सातला तिथे फारशी वर्दळ नसते. आमच्या रामबागेतल्या एक काकू तिथे गेल्या होत्या, आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवलेल्या. त्यांनी तिसऱ्या मजल्यावर सज्ज्यात खुर्ची मागून घेतली आणि कठड्याची नक्षी वहीत उतरवत तासभर बसल्या. खुर्ची एका मिनिटात आली, मागून चहाही आला. आवर्जून सांगते, असं बसलेलं तिथे कोणालाही वावगं वाटत नाही. बाहेरून येणाऱ्याला त्या मजल्यांवर जाता येत नाही. राहणाऱ्याला येतं. जुन्या इमारतीतली खोली घ्या म्हणते ती याचसाठी. टॉवरमधून जुन्या भागात जाता येतं, दोन्ही इमारती आतून जोडलेल्या आहेत, पण रात्री अकराला झोप येत नाही म्हणून दार उघडून थेट त्या सज्ज्यात येण्यात जी मजा आहे ती लिफ्ट, दुकानांची रांग आणि लॉबी ओलांडून येण्यात नाही.

टॉवर वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. वरच्या मजल्यांवरून गेटवे, बंदर आणि खुद्द जुन्या इमारतीचा घुमट असा जो देखावा दिसतो, तो जुन्या इमारतीतून दिसणं शक्यच नाही. दरही कमी असतो. कामासाठी येणाऱ्याला, किंवा नातवंडं बरोबर असतील आणि दुसरी खोली लागणार असेल, तर टॉवर उत्तम. पण पन्नासाव्या वाढदिवसाची खोली तिथे नको.

आता समुद्र. तो पूर्वेला आहे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. मुंबईचा समुद्र म्हटलं की डोळ्यांसमोर मरीन ड्राइव्हचा सूर्यास्त येतो. ताजसमोर बंदर आहे, तिथे सूर्य उगवतो. आपल्याकडची माणसं पहाटे उठणारी, त्यामुळे तुमच्या आई-बाबांना हे सोयीचंच आहे. पडदे रात्री झोपताना थोडे उघडे ठेवायला सांगा. सकाळी खिडकीत खुर्च्या ओढून, खोलीतल्या किटलीत चहा करून, उभ्या असलेल्या बोटी आणि गेटवेपाशी उडणारी कबुतरं बघत दोघांचा दीड तास कुठे जाईल कळणार नाही. ही दीड तासाची सकाळ दोनदा मिळावी म्हणून दोन रात्री. शहराकडच्या किंवा तलावाकडच्या खोल्या शांत असतात, स्वस्त असतात, पण मग या वेळेला काय बघणार? बुकिंग करताना नीट बघा: काही खोल्यांच्या नावात समुद्राचा उल्लेख स्पष्ट असतो, काहींच्या नसतो. नसेल तर समुद्र नाही असं धरून चाला. गेटवेसमोर संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी चिक्कार गर्दी असते. खिडक्या बंद असतात, आवाज बराच अडतो, तरी 31 डिसेंबरच्या आसपासच्या तारखा टाळा. दर चढलेले असतात आणि रस्ते अडवलेले असतात.

पैशांचं आता सविस्तर सांगते, कारण अवघडल्यासारखं होईल का या तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे.

जाहिरातीतला दर करांशिवाय असतो. रोजचं भाडं 7,500 रुपयांच्या वर गेलं की खोलीवर 18 टक्के जीएसटी लागतो, आणि अशा हॉटेलातल्या जेवणावरही 18 टक्केच. म्हणजे समजा खोली 30,000 ला दिसली तर एका रात्रीचे 35,400 झाले. तेव्हा हिशेब करसकटच करा. नाश्त्यासकटचा दर घ्या, आणि शक्य असेल तर नाश्ता आणि एक जेवण असलेला घ्या. कारण सांगते. तुमचे बाबा बँकेतले. मेनूकार्डावर चहाचा आकडा बघितला की ते आईला हळूच म्हणणार, आपण खाली जाऊन कुठेतरी घेऊ. मग दोन दिवस दोघं हात आखडता घेत राहणार, भूक नाही म्हणणार. रिसेप्शनवर उभं राहून मी हे इतकेदा पाहिलंय की मला त्या वयाच्या माणसांचं मेनूकार्ड बघून बदलणारं तोंड ओळखता येतं. त्यांची त्यात काही चूक नाही. त्या पिढीने एकेक रुपया बघून खर्च केला, म्हणून तर आज आपण त्यांना तिथे पाठवू शकतो.

म्हणून त्यांना आकडा दिसूच देऊ नका, आणि हे करणं अगदी सोपं आहे. खोलीचे पैसे आधीच भरा. वरचा सगळा खर्च, जेवण, चहा, कपडे धुणं, तुमच्या कार्डावर घ्यायला सांगा. पाहुणा एक आणि पैसे देणारा दुसरा असेल तर हॉटेल एक संमतीचा फॉर्म पाठवतं. तो सही करून, मागतील ती कागदपत्रं जोडून, आठवडाभर आधी परत पाठवा. आदल्या रात्री पाठवू नका, कारण तो तपासणारा माणूस रात्री बसलेला नसतो. येताना सही करायच्या नोंदणीकार्डावर दर छापलेला असतो. तो छापू नका, आणि पाहुण्यांसमोर रकमेचा उल्लेख करू नका, असं लेखी कळवा. ही नेहमीची विनंती आहे, कोणाला नवल वाटत नाही. रेस्टॉरंटमध्ये बिल खोलीवर टाकतात, तिथे फक्त सही करायची असते. तीही रक्कम न दाखवता घ्या म्हणून कळवलं तर बहुतेक वेळा सांभाळतात. कार्ड क्रेडिटचंच द्या. हॉटेलं येताना काही रक्कम अनामत म्हणून अडवून ठेवतात. क्रेडिट कार्डावर ती नुसती अडलेली राहते, डेबिट कार्डावर खात्यातून जाते आणि परत यायला दिवस लागतात.

बुकिंग थेट हॉटेलकडे करा, फोनवर किंवा त्यांच्या संकेतस्थळावर. दुसऱ्या संकेतस्थळांवर कधी कधी हजार-दोन हजार कमी दिसतात, पण आपण लिहिलेल्या सूचना हॉटेलपर्यंत धड पोचत नाहीत आणि तारीख बदलायची झाली की दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. पैसे परत न मिळणारा दर स्वस्त असला तरी या वयात घेऊ नका. ताप, खोकला, चक्कर, काहीही निघू शकतं.

मग हॉटेलला एक ई-मेल लिहा. इकडेतिकडे न जाता मुद्द्याचं लिहा: पाहुणे ज्येष्ठ आहेत, लग्नाचा पन्नासावा वाढदिवस अमुक तारखेला आहे, गुडघा बदललेला असल्यामुळे खोली लिफ्टजवळ हवी, न्हाणीघरात टबात चढून आंघोळ करावी लागणार नाही असा वेगळा शॉवर हवा आणि धरायला दांडी हवी. हे शेवटचं फार महत्त्वाचं. टबाच्या काठावरून पाय टाकणं गुडघा बदललेल्या माणसाला धोक्याचं असतं आणि सगळ्या खोल्यांत वेगळा शॉवर असेलच असं धरून चालू नका. बादली, मग आणि बसायला स्टूल मागितलं की मिळतं, मागायला लाजू नका. केक पाठवणार असतील तर तो बिनअंड्याचा, हेही लिहा. आईचा त्या दिवशी उपास येत असेल तर काय चालतं ते स्पष्ट लिहा. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचं कूट, सैंधव असं नावानिशी लिहिलं तर स्वयंपाकघर करून देतं. नुसतं उपासाचं एवढंच लिहिलं तर फळांची ताटली येते.

आईच्या पूजेचं मात्र तुम्हीच आधी समजावून सांगा. खोलीत छताला धूर ओळखणारं यंत्र असतं. उदबत्ती, कापूर किंवा निरांजन लावलं तर ते वाजतं, दारात माणसं धावत येतात आणि आई ओशाळते. छोटे देव, कुंकवाचा करंडा, गंधाची डबी न्यावी, फुलं हॉटेलकडून मागवावीत, आणि ज्योतीऐवजी सेलवरची पणती ठेवावी. पूर्वेची खिडकी आहेच. तिच्याशेजारच्या टेबलावर देव मांडले की आईचं घर तिथे झालं. मला वाटतं माणसाला परक्या जागेत आपलं नेहमीचं एक काम करता आलं की निम्मं बुजणं जातं.

जायचं कसं? विमानाने सव्वा-दीड तास, पण मुंबई विमानतळावरून कुलाब्याला पोचायला रहदारीत तेवढाच वेळ लागू शकतो. गुडघा असला तरी खाली बर्थ मिळणार असेल तर मी अवंतिका एक्सप्रेस सुचवीन. संध्याकाळी इंदूरहून निघते, पहाटे मुंबई सेंट्रलला उतरवते, आणि त्या वेळी रस्ते मोकळे असतात. अडचण एकच, खोली मिळायची वेळ दुपारी दोनची. रात्रभर गाडीत घालवून पहाटे सहाला लॉबीत सामानासकट बसलेलं जोडपं, हे मी पाहिलेलं सगळ्यात केविलवाणं दृश्य आहे. आणि खोली आदल्या रात्री भरलेली असेल तर रिसेप्शनवरचा माणूस काही करू शकत नाही. यावर तुमच्याकडे उपाय आहे. भावाने त्यांना स्टेशनवरून थेट ठाण्याला न्यावं, आंघोळ, नाश्ता, झोप होऊ द्यावी, आणि दुपारी ताजे होऊन ते दीड-दोनला हॉटेलात पोचावेत. दरवाजाशी प्रत्येकाची आणि सामानाची तपासणी होते. बाबांच्या गुडघ्यातल्या धातूमुळे यंत्र वाजेल. आधीच गुडघ्याकडे बोट दाखवून सांगावं आणि डॉक्टरांचं कार्ड खिशात ठेवावं. दोघांची आधारकार्डं मूळ हवीत, मोबाईलमधल्या फोटोवर भिस्त ठेवू नका.

भावाने खोलीपर्यंत जावं. दिवे कुठल्या बटणाने एकदम बंद होतात, गार हवा कमी कशी करायची, फोनवर कुठलं बटण दाबायचं, गरम पाण्याचा नळ कुठल्या बाजूला, हे सगळं दोघांकडून एकेकदा करून घ्यावं. आणि मग निघून जावं. तुम्ही विचारलंत की आम्हीही सोबत राहावं का. माझं मत स्पष्ट आहे: नाही. मुलं सोबत असली की आई मुलांची काळजी करत बसते आणि बाबा खर्चाची. पन्नास वर्षांत या दोघांना घरातल्या कुठल्याही जबाबदारीशिवाय किती दिवस मिळाले असतील, तुम्हीच विचार करा. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र तुम्ही सगळे या, सी लाउंजमध्ये चहाला. पहिल्या मजल्यावर आहे, खिडकीशी बसलं की समोर बंदर. मुंबईतल्या कितीतरी घरांची मुलगी बघायची पहिली भेट तिथेच झाली आहे, तेव्हा पन्नासाव्या वर्षी तिथे बसणं शोभेलही. खिडकीचं टेबल आधीच राखून ठेवा, ऐनवेळी मिळत नाही.

बाकी वेळ त्यांचा त्यांना घालवू द्या. भिंतींवर हुसेन, गायतोंडे अशा चित्रकारांची मूळ चित्रं आहेत, ती बघत कॉरिडॉरमधून सावकाश फिरता येतं. बाहेर पडायचंच असेल तर सकाळी सातला गेटवेसमोरच्या छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत जाऊन यावं, किंवा नाश्त्यानंतर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, टॅक्सीने पाच-सात मिनिटांवर. घारापुरी नको. जेट्टीवर बोटीत चढ-उतार आणि वर शंभरावर पायऱ्या, त्या गुडघ्याला झेपणार नाही.

कपड्यांची चिंता करू नका. आईने आपली माहेश्वरी नेसावी, बाबांनी झब्बा-पायजमा घालावा, पायात मात्र रबरी चप्पल नको, संगमरवरावर ती घसरते. काटे-चमचे जमत नसतील तर हाताने जेवावं. तिथल्या जुन्या वाढप्यांना कोण कसं जेवतं याच्याशी काही देणंघेणं नसतं, आपल्या टेबलावरचा माणूस पोटभर जेवला का याच्याशी असतं. त्यांच्यात मराठी बोलणारे बरेच असतात. बाबांनी पहिल्याच जेवणाला मराठीत बोलायला सुरुवात करावी. इंदूरहून आलोय म्हटलं की पोह्यांचा आणि सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीचा विषय निघतो आणि पुढचे दोन दिवस तो माणूस लांबून हात करतो. बक्षिसीसाठी शंभराच्या काही नोटा एका पाकिटात वेगळ्या घालून द्या आणि कोणाला केव्हा द्यायच्या ते सांगून ठेवा: सामान आणणाऱ्याला लगेच, खोली आवरणाऱ्याला निघायच्या दिवशी. हे माहीत नसलं की माणूस उगाच कानकोंडा होतो.

महेश्वरच्या अहिल्या फोर्टबद्दलही तुम्ही ओझरतं विचारलंय. इंदूरहून दोन-अडीच तासांवर, नर्मदेच्या घाटावर, होळकरांच्या जुन्या वाड्यात मोजक्या खोल्यांचं ते हॉटेल अप्रतिम आहे आणि शांतता हवी असेल तर मी तेच सुचवते. पण तिथे पायऱ्या आणि चढउतार पुष्कळ, आणि महेश्वर त्यांनी अनेकदा पाहिलेलं असणार. बाबांनी तरुणपणी गेटवेवर उभं राहून ताजकडे पाहिलं होतं, असं तुम्ही लिहिलंय. मग प्रश्नच मिटला.

निघायच्या दिवशी खोली बाराला सोडायची असते. नाश्ता उशिरा, निवांत करू द्या. सामान हॉटेलकडे ठेवता येतं, संध्याकाळपर्यंत लॉबीत बसायलाही कोणी ना म्हणत नाही. परतीचं तिकीट त्याच दिवसाचं काढलं असेल तर भावाने साडेअकराला येऊन बिल स्वतः तपासावं, आई-बाबांच्या हाती जाऊ देऊ नये. खोलीतल्या फ्रिजमधल्या न घेतलेल्या वस्तू चुकून लागल्या आहेत का ते बघावं, अनामत रक्कम मोकळी केल्याचं विचारावं, आणि पावती ई-मेलवर मागवावी. वाढदिवसाची तारीख जवळ असेल तर आधी खोली अडवा, मग रेल्वेचं बघा. समुद्राकडच्या खोल्या लग्नसराईत फार लवकर संपतात.